लोनर, लोणार आणि माझी पंचविशी

"डेट ऑफ बर्थ?" सर्व्हिस ॲडव्हायझरनं स्क्रीनकडे बघतच विचारलं. मी सांगितली. त्यानं टाइप केली, एंटर मारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो सांगलीत आमच्या बँकेतल्या कॅशिअरच्या चेहऱ्यावर "सही जुळत नाहीये" म्हणताना यायचा. वाईट वाटतंय असंही नाही, मजा येतेय असंही नाही. "सॉरी, तू अजून चोवीसचीच आहेस. लोनर पंचवीसच्या पुढच्यांनाच देतो आम्ही."

चोवीस वर्षं सात महिने. म्हणजे पाच महिने कमी पडले. शाळेत पाच मार्कांनी पहिला नंबर गेला होता तेव्हा पण एवढं लागलं नव्हतं.

तर झालं असं की मी राहते अमेरिकेत, न्यू जर्सीत, आणि जूनमध्ये माझ्या गाडीचा गिअरबॉक्स नाटकं करायला लागला. सिग्नलला थांबून परत निघताना असा झटका द्यायची गाडी, की मागच्या सीटवरचा टिफिन खाली. गाडी वॉरंटीत आहे म्हणून बिनधास्त नेली डीलरकडे, त्यांनी तपासलं आणि म्हणाले एक पार्ट मागवायला लागेल, आठवडा तरी जाईल, जास्तही जाईल. मी म्हंटलं ठीके, तोपर्यंत लोनर द्या. कारण दोन वर्षांपूर्वी याच दुकानात याच काचेच्या केबिनमध्ये मला गाडी विकताना तो सेल्सवाला किमान चारदा म्हणाला होता की सर्व्हिसला आलीस की लोनर आहेच, काळजीच नको. तेव्हा माझं वय बावीस होतं. बावीस! तेव्हा त्याला ते लहान नाही वाटलं.

लोनर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण बाबांना सांगताना फार गोंधळ झाला. आपली गाडी दुरुस्तीला असली की डीलर त्याच्याकडची एक गाडी तात्पुरती वापरायला देतो, बहुतेक वेळा फुकट, पेट्रोल आपलं. तिला इकडं लोनर म्हणतात. फोनवर आवाज तुटत होता, मी म्हणाले "बाबा, लोनर नाही मिळाली", तर बाबा म्हणाले, "लोणारला कशाला गेलीस? तिथनं गाडी कशी मिळेल?" मग बुलढाण्यातलं ते सरोवर, उल्का, खारं पाणी, शाळेची सहल, सगळं निघालं आणि मूळ विषय राहिलाच. नंतर समजावल्यावर म्हणाले, "म्हणजे लोन दिलं तुला, पण लोनर नाही दिली?" बाबा निवृत्त क्लार्क आहेत, पण मुद्दा वकिलासारखा पकडतात.

कारण अगदी हेच आहे बघा. या दोन शब्दांमध्येच सगळी गंमत आहे. इथं कर्ज देताना वयावरून भेदभाव करता येत नाही, म्हणजे करार करण्याइतकं वय असलं की बास, पुढं "तू लहान आहेस" म्हणून नाही म्हणायचं नाही. त्यासाठी १९७४ चा इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट नावाचा कायदा आहे आणि १९७६ मध्ये त्यात वयाचा मुद्दा घातलाय. तुमचा क्रेडिट स्कोअर वाईट म्हणून नकार द्या, पगार कमी म्हणून द्या, व्याज चढवा (माझं चढवलंच होतं, इकडं क्रेडिटचा इतिहासच नव्हता ना), पण नुसतं वय म्हणून नाही. म्हणजे लोन मिळण्याला कायद्याचं संरक्षण. आणि लोनर? ती डीलरची मर्जी. अठराव्या वर्षी तुम्ही पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर घेऊ शकता, पण त्याच दुकानातली त्याच मॉडेलची गाडी चार दिवस चालवायला तुम्ही कच्चे.

मी त्या ॲडव्हायझरला विचारलं, हा नियम कुठला, न्यू जर्सीचा कायदा आहे का? तो म्हणाला, "इट्स द लॉ." आत्मविश्वास बघा. मी घरी येऊन दोन रात्री याच्यातच घालवल्या, आणि कायदा वगैरे काही नाहीये हो. पंचवीसच्या आतल्याला लोनर देऊ नका असं सरकार कुठंही म्हणत नाही. तो नियम असतो डीलरच्या इन्शुरन्सचा. डीलरकडच्या सगळ्या गाड्यांवर त्याची एक मोठी पॉलिसी असते, त्या पॉलिसीत इन्शुरन्स कंपनी लिहून देते की गाडी कुणाच्या हातात द्यायची, कमीत कमी वय किती, लायसन्स किती स्वच्छ पाहिजे. वय कमी केलं तर प्रीमियम वाढतो. मग मालक म्हणतो पंचवीसच राहू द्या, कशाला कटकट. त्यामुळं एकाच कंपनीच्या दोन डीलरकडे दोन वेगळे नियम असू शकतात, कारण डीलर म्हणजे गाडीच्या कंपनीचा नोकर नाही, तो स्वतंत्र धंदा आहे, पाटी फक्त कंपनीची.

हे खरं आहे का बघायला मी दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये आजूबाजूच्या चार डीलरना फोन लावले, सगळे माझ्याच कंपनीचे. पहिला म्हणाला पंचवीस. दुसरा म्हणाला एकवीस, पण तुझ्या स्वतःच्या पॉलिसीवर फुल कव्हरेज (म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान पण भरून देणारा इन्शुरन्स) पाहिजे आणि क्रेडिट कार्ड पाहिजे, डेबिट चालणार नाही. तिसऱ्याकडे लोनरच नाहीत, फक्त शटल, म्हणजे घरी सोडणारी त्यांची गाडी, ती पण दहा मैलांच्या आत. चौथ्यानं मला सात मिनिटं होल्डवर ठेवून पंचवीस सांगितलं. म्हणजे गाडी विकत घेताना हा प्रश्न विचारला असता तर मी दुसऱ्याकडेच गेले असते ना! पण गाडी घेताना माणूस रंग बघतो, सनरूफ बघतो, आणि दिवाळीच्या आत डिलिव्हरी मिळेल का ते विचारतो.

आता पंचवीसच का, हा प्रश्न उरतोच. चोवीस का नाही, तीस का नाही. एक तर आकडेवारी आहे, आणि ती खोटी नाहीये, हे मला मान्य करायला लागतं. अमेरिकेत १६ ते १९ वयाच्या ड्रायव्हरांचा जीवघेण्या अपघातांचा दर, मैलामागं धरला तर, २० आणि पुढच्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे, हे इथल्या सीडीसीचंच, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थेचंच, म्हणणं आहे. पोरं बेफाम चालवतात, त्यात मोबाइल, त्यात गाडीत चार मित्र. पण हा आकडा एकोणीसपर्यंतचा आहे. वीस ते चोवीसची माणसं मधल्यामधे लटकतात, त्यांचा धोका हळूहळू उतरत जातो आणि पंचविशीच्या आसपास इन्शुरन्सवाल्यांचं समाधान होतं. भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांनी हाच आकडा धरला, डीलरनी बहुतेक त्यांचाच उचलला, आणि मग तो असा पसरला की ॲडव्हायझरला खरंच वाटतं तो कायदा आहे.

दुसरं कारण मला त्यांच्या सर्व्हिस मॅनेजरनं सांगितलं. ही बाई मात्र सरळ होती. ती म्हणाली, लोनर गाड्या आम्ही काही महिने फिरवतो आणि मग विकतो, कमी चाललेली गाडी म्हणून चांगल्या भावाला. एकदा ठोकली की दुरुस्त केली तरी भाव पडतो. तो पडलेला भाव, आणि दुरुस्तीला उभी असतानाचं नुकसान, हे ग्राहकाच्या इन्शुरन्समधून बऱ्याचदा निघत नाही. मग भांडण कुणाशी करायचं, ग्राहकाशी. आणि बावीस वर्षांच्या ग्राहकाकडून काय निघणार? मी म्हंटलं हप्ता तर निघतोय की दर महिन्याला. ती हसली. पण नियम काय बदलला नाही.

खरं तर माझ्या पॉलिसीत या प्रसंगाची सोय होती, हे वाचून मला जास्त राग आला. इथल्या साध्या गाडीच्या पॉलिसीत सहसा एक कलम असतं, की तुमची गाडी बिघडली, दुरुस्तीला गेली, आणि तुम्ही तात्पुरती दुसरी वापरताय, तर ती बदली गाडी तुमच्या पॉलिसीखाली येते. माझ्या गाडीवर कर्ज असल्यामुळं कर्जवाल्या बँकेनं फुल कव्हरेजची सक्ती केलेली, म्हणजे ते पण होतं. सगळं होतं, पाच महिने तेवढे नव्हते. (हां, एक मात्र माझा गैरसमज होता. पॉलिसीत "रेंटल रिइम्बर्समेंट" असं लिहिलेलं, मी खूश झाले की चला भाड्याच्या गाडीचे पैसे मिळणार. ते फक्त अपघात, चोरी असल्या क्लेमला असतं. गिअरबॉक्स बिघडला तर इन्शुरन्सवाल्याचा काही संबंध नाही. तुमच्याकडे असेल तर एकदा काढून वाचा, मी दोन वर्षं त्याचे पैसे भरतेय आणि अर्थ आत्ता कळला.)

मग आला काकांचा नंबर.

एडिसनला बाबांच्या मित्राचे मोठे भाऊ राहतात, तीस एक वर्षं झाली इकडं येऊन, मंडळाच्या गणपतीत प्रसादाचं काउंटर त्यांचंच असतं. बाबांनी सांगलीतनं फोन करून त्यांना कामाला लावलं. कल्पना अशी की काका येऊन त्यांच्या नावावर लोनर घेतील, आणि चावी माझ्या हातात. भारतात आपण अशी किती कामं करतो, गॅसचं कनेक्शन आजोबांच्या नावावर, सिलेंडर आपल्या घरी. काका बिचारे शनिवारी सकाळी आले, येताना काकूंनी थालीपीठ आणि लोणी पण पाठवलेलं. पण डीलर म्हणाला गाडी ज्याच्या नावावर दुरुस्तीला आहे त्यालाच लोनर. दहा मिनिटं चर्चा झाल्यावर मॅनेजर बाई म्हणाल्या, ठीक आहे, फॅमिली म्हणून करते, पण चालवणार फक्त हे.

आणि मग काकांनी जे केलं ते मी आयुष्यात कुणाला करताना बघितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ते पूर्ण ॲग्रीमेंट वाचलं. दोन्ही बाजू. बारीक अक्षरासकट. मागं लाइन लागली तरी वाचलं. त्यात काय काय होतं म्हणून सांगू, दिवसाला किती मैल, न्यू जर्सी आणि शेजारच्या राज्यांच्या बाहेर नेऊ नये, टोलचे पैसे आणि वर दंड, सिगरेट ओढली तर साफसफाईचे पैसे, कुत्रा बसवला तर साफसफाईचे पैसे, टाकी होती तेवढीच भरून परत. आणि मधोमध एक ओळ, ज्यांची नावं वर लिहिली आहेत त्यांच्याशिवाय कुणी चालवलं तर करार मोडला असं समजण्यात येईल आणि सगळी जबाबदारी सही करणाऱ्याची.

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. गाडी माझ्या सहीवर, चालवणार तू, कुणीतरी मागनं येऊन ठोकलं तरी पोलीस विचारणार ही कोण. मग माझी इन्शुरन्स म्हणणार आमचा संबंध नाही, यांची म्हणणार आमचा नाही, तुझी म्हणणार तुला परवानगीच नव्हती. तिघं मिळून माझं घर विकायला लावतील. नको बाळा."

मला तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं काय हे, एवढं थालीपीठ आणलं आणि सही नाही करत. पण बरोबर होतं त्यांचं. माझ्या ओळखीतल्या एकीनं हेच केलं होतं, नवऱ्याच्या नावावर लोनर, चालवत होती ही, तेवीसची, पार्किंगमध्ये दुसऱ्या गाडीला घासली. साधा ओरखडा. तो निस्तरायला त्यांना चार महिने आणि भरपूर पैसे लागले. तेव्हा ज्यांचे आईवडील इकडं आहेत आणि ज्यांना वाटतं "बाबांच्या नावावर घेऊ", त्यांनी आधी स्पष्ट विचारा की मुलाचं नाव जादा ड्रायव्हर म्हणून लिहिता येतं का. काही डीलर लिहितात, बरेच नाही लिहीत, कारण वयाची अट जादा ड्रायव्हरलाही तीच असते. नाव लिहिलेलं नसेल तर मुलाला किल्ली देऊच नका, दुकानातनं दूध आणायला सुद्धा.

काकांनी मला प्लेन्सबरोला घरी सोडलं. वाटेत म्हणाले, "न्यूयॉर्कात असतीस तर अठराव्या वर्षी मिळाली असती." आणि मग ओक ट्री रोडवर चहाला थांबून त्यांनी जो क्लास घेतला, तो मी नंतर ताडून बघितला आणि खरा निघाला.

न्यूयॉर्क राज्यात कायदा आहे की भाड्यानं गाड्या देणाऱ्या कंपनीनं अठरा पूर्ण झालेल्याला फक्त वयावरून नाही म्हणायचं नाही, इन्शुरन्स मिळत असेल तोपर्यंत. जादा पैसे घ्या, पण गाडी द्या. मिशिगनमध्ये पण अठरालाच मिळते. बाकी बहुतेक राज्यांत बऱ्याचशा भाड्याच्या कंपन्या एकवीसच्या आत उभं करत नाहीत आणि एकवीस ते चोवीसला "यंग रेंटर फी" लावतात. म्हणजे हडसन नदीच्या या बाजूला मी जोखीम, त्या बाजूला ग्राहक. मेट्रोपार्कला ट्रेन पकडली की तासाभरात मी मॅच्युअर!

त्यातली अजून एक गंमत. न्यूयॉर्कात मालकाच्या परवानगीनं कुणीही गाडी चालवली तरी अपघाताची जबाबदारी मालकावर पण येते. पूर्वी भाड्याच्या कंपन्यांना यात मोठमोठी भरपाई द्यायला लागायची, त्या ओरडत होत्या. शेवटी २००५ मध्ये केंद्रात एक दुरुस्ती झाली, मिसूरीचे खासदार सॅम ग्रेव्ह्ज यांच्या नावानं तिला ग्रेव्ह्ज अमेंडमेंट म्हणतात. गाडी भाड्यानं देणाऱ्यावर, त्याची स्वतःची चूक नसेल तर, नुसता मालक म्हणून बोजा टाकायचा नाही. मग मी काकांना विचारलं, मालकाची जबाबदारीच कमी झाली तर डीलर का घाबरतात अजून? काका म्हणाले, "भाड्याची गाडी आणि फुकट दिलेली गाडी एकच का? यावरच तर वकिलांची घरं चालतात." आणि न्यूयॉर्कचा तो अठराचा कायदा पण भाड्याच्या गाडीचा, फुकटच्या लोनरला तो दाखवून भांडायचं म्हंटलं तर परत तोच प्रश्न. फुकट दिलं की हक्क कमी होतो, हे मला काही पटलं नाही, पण आपल्याकडे शेजाऱ्याची स्कूटर मागून नेली तर आपण ब्रेक कच्चे आहेत म्हणून तक्रार करतो का? नाही करत. तसंच काहीतरी असावं.

वयावरून भेदभाव केला म्हणून तक्रार करू का, असं पण मनात आलं होतं. पण इथला वयाच्या भेदभावाचा जो मोठा प्रसिद्ध कायदा आहे, १९६७ चा, तो नोकरीपुरता आहे आणि चाळीस आणि पुढच्यांसाठी. तरुण असणं हे दुःख कायद्याला मान्यच नाही.

एकूणच या देशात वयाचं काय चाललंय हे मला कळत नाही. न्यू जर्सीत सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं, ते पण अर्धवट, आणि एकवीसच्या आतल्या शिकाऊ पोरांनी नंबरप्लेटवर लाल स्टिकर लावायचं, २०१० पासून. अठराव्या वर्षी मत द्या, सैन्यात जा. सैन्यातला पोरगा सरकारी कामावर असेल तर भाड्याच्या कंपन्या त्याला अठराव्या वर्षी पण गाडी देतात. एकवीसला बिअर. पंचवीसला लोनर. आणि सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत आईवडिलांच्या हेल्थ इन्शुरन्सवर राहता येतं, अर्थात आईवडील सांगलीत असतील तर त्याचा उपयोग शून्य. एकाच माणसाचे तुकडे तुकडे सज्ञान होत जातात.

आपल्याकडे निदान चारचाकीला अठरा म्हंजे अठरा. मी अठराव्या वाढदिवसानंतर दोनेक महिन्यांत सांगलीच्या आरटीओत आठ काढून लायसन्स घेतलं, आणि चारचाकीचं पण. तेव्हापासून मिरजेच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांच्या मधनं, रात्रीचे लाइट नसलेले ट्रॅक्टर चुकवत गाडी चालवलेली मुलगी मी, आणि इथं आल्यावर इन्शुरन्सवाल्याच्या हिशेबात माझा अनुभव किती तर शून्य वर्षं. भारतातला बऱ्याच कंपन्या धरतच नाहीत. पंचवीसचा आकडा आपल्या कायद्यात पण आहे म्हणा, २०१९ च्या दुरुस्तीत १९९ अ कलम आलं, अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला जो अपघात झाला त्यानंतर हे कलम घरोघरी माहीत झालं. पण तिकडं पंचवीस ही शिक्षा आहे, गुन्हा केल्यावरची. इकडं मी काहीच न करता भोगतेय.

बरं, शेवटी गाडीचं काय झालं. सोमवारी मी परत त्या मॅनेजर बाईंकडे गेले, ॲडव्हायझरला बाजूला ठेवून. हे महत्त्वाचं आहे, ॲडव्हायझरच्या हातात काही नसतं, तो फक्त स्क्रीन वाचतो. मी शांतपणे म्हंटलं, माझं ऑफिस वीस मैलांच्या पुढं आहे, बस नाही, वॉरंटीचं काम आहे, पार्ट तुमच्याकडे नाही ही माझी चूक नाही, आणि गाडी विकताना तुम्ही लोनर कबूल केली होती, वय कुणी सांगितलं नाही. त्यांनी दहा मिनिटं फोनवर काढली आणि तोडगा निघाला. लोनर नाही, पण भाड्याच्या कंपनीची गाडी, भाडं गाडीची कंपनी वॉरंटीतून भरणार. फक्त पंचवीसच्या आतली जी जादा फी असते ती माझी मी भरायची. किती? दिवसाला पंचवीस डॉलर. पंचवीस वर्षं नाहीत म्हणून पंचवीस डॉलर, हा योगायोग मला दैवी वाटला.

पार्ट यायला अकरा दिवस लागले. अकरा गुणिले पंचवीस, दोनशे पंच्याहत्तर डॉलर. परत एकदा चिकाटी लावल्यावर डीलरनं त्यातले निम्मे माझ्या खात्यात सर्व्हिस क्रेडिट म्हणून टाकले, म्हणजे पैसे त्यांच्याकडेच खर्च करायचे, पण ठीके. आणि सगळं झाल्यावर, सगळं झाल्यावर बरं का, ऑफिसातला एक जण म्हणतो, अगं तू ट्रिपल एची, त्या गाडीवाल्यांच्या क्लबची, मेंबर आहेस ना, मग हर्ट्झ कंपनीकडनं भाड्यानं घ्यायची, ते मेंबर असलेल्या वीस ते चोवीसवाल्यांची ही फी माफ करतात. मी ते कार्ड टायर पंक्चर झाला तर म्हणून घेऊन ठेवलेलं. पर्समध्येच होतं, अकरा दिवस.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना मी एक गोष्ट केली, ती सांगते कारण ती काकांनीच शिकवली. काचेखाली जो सतरा अक्षरांचा नंबर असतो तो सरकारच्या साइटवर टाकून त्या गाडीवर रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीनं दुरुस्तीला परत बोलावणं, बाकी आहे का बघितलं. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात रेचेल आणि जॅकलिन हाउक या दोघी बहिणी भाड्याच्या गाडीच्या अपघातात दगावल्या, गाडीला आग लागण्याचा दोष होता, रिकॉल निघालेला होता, दुरुस्ती न करताच गाडी दिलेली. त्यांच्या आईनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये मुलींच्या नावानं कायदा झाला, ३५ पेक्षा जास्त गाड्या असणाऱ्या भाड्याच्या कंपन्यांनी रिकॉल बाकी असलेली गाडी द्यायची नाही, २०१६ च्या जूनपासून लागू. रेचेल चोवीसची होती आणि जॅकलिन वीसची. हे वाचलं तेव्हा मी त्या गाडीत बसलेलेच होते, एसी चालू करून, आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. वयाच्या सगळ्या अटी "पोरं गाडीचं काय करतील" अशा लिहिलेल्या असतात. गाडी पोरांचं काय करेल हे लिहून घ्यायला एका आईला अकरा वर्षं लागली.

माझ्या गाडीवर काही बाकी नव्हतं. पांढरी, आत कुणीतरी मारलेल्या परफ्यूमचा वास, आणि रेडिओ फक्त एकाच स्टेशनला चिकटलेला. अकरा दिवस मी इतकी जपून चालवली की मागचे लोक हॉर्न मारत होते.

तुम्ही पंचवीसच्या आतले असाल किंवा तुमच्या घरात तसं कुणी असेल, तर सर्व्हिसची अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा, लोनरला वय किती लागतं, अठरा, एकवीस का पंचवीस, आणि जे सांगतील ते ईमेलवर मागा. तिथं पोचल्यावर विचारलंत तर तुमची गाडी त्यांच्या लिफ्टवर आणि तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीवर. नवीन गाडी घेत असाल तर सही करायच्या आधी विचारा, तेव्हा सेल्सवाला हो म्हणायच्या मूडमध्ये असतो, तेव्हाच लिहून घ्या. आणि भाड्यानं घेताना डेबिट कार्डवर विसंबू नका, डिपॉझिटला ते अडवतात.

गाडी परत आणायला गेले तेव्हा तोच पहिल्या दिवशीचा ॲडव्हायझर होता. या वेळी हसून बोलला. माझा वाढदिवस १४ नोव्हेंबरला असतो, बालदिनाला, शाळेत त्या दिवशी मला दोन चॉकलेटं मिळायची. या वर्षी त्या दिवशी मी डीलरच्या दृष्टीनं मोठी होणार. मी त्याला म्हंटलं, नोव्हेंबरच्या पंधरा तारखेची ऑइल चेंजची अपॉइंटमेंट आत्ताच लिहून ठेव, आणि लोनर पण लिही. त्यानं कॅलेंडर उघडलं, तारीख टाकली, आणि स्क्रीनकडे बघत परत तोच कॅशिअरचा चेहरा केला.

"ऑइल चेंजला लोनर नसते," म्हणाला. "वेटिंग रूममध्ये कॉफी आहे."

बाबांना हे सांगितलं. म्हणाले, "जाऊ दे, सुट्टीत ये इकडं, खरंच लोणारला जाऊ. गाडी मी चालवतो."

बाबांचं लायसन्स मार्चमध्येच संपलंय. मी काही बोलले नाही.